कुंभाराचं गाढव आणि भट्टीतला डाग

(मोरा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सुरुवातीलाच माफी मागतो, आपण वीस मिनिटं उशिरा सुरू करतोय. भाऊच्या धक्क्यावरून येणारी आपली काही मंडळी लाँचमध्ये अडकली होती. आता मोऱ्याच्या माणसाला हे सांगायला नको. ओहोटी लागली, की जेट्टीपाशी गाळ उघडा पडतो, आणि लाँच धक्क्याला लागू शकत नाही. पण मी आज जेट्टीवर उभा होतो तेव्हा काय ऐकलं? लोक लाँचवाल्यावर ओरडत होते. "काय रे, किती वेळ?" गाळ त्याने आणून टाकलेला नाही. ओहोटीही त्याने लावलेली नाही. पण गाळावर ओरडता येत नाही, आणि लाँचवाला समोर असतो.

आजचा विषय हाच आहे. काहीतरी बिघडतं तेव्हा आपण दोष शोधतो, की दोषी शोधतो? या दोन गोष्टी एकच वाटतात, पण नाहीत. उदाहरण मात्र मी ओहोटीचं घेणार नाही. मी घेणार आहे माझ्या स्वतःच्या दाताचं.

हसू नका. सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडे दातांविषयी सांगण्यासारखं बरंच असतं.

झालं असं, की वरचा पुढचा एक दात तुटला. डॉक्टरांनी सांगितलं, कॅप बसवू या, आणि धातूची नको, काच-सिरॅमिकची करू, पुढचा दात आहे, दिसायला नैसर्गिक दिसेल. माप घेतलं, शेड गाईड दाताशेजारी धरून रंग ठरवला, आणि काम पनवेलकडच्या एका लॅबमध्ये गेलं. आठवड्याने कॅप आली. डॉक्टरांनी ती नुसती दाताशेजारी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. पिवळट. आपण म्हणतो ना, जुन्या पुस्तकाच्या कडा पिवळ्या पडतात, तशी छटा. ती परत गेली. दुसरी आली. तीही तशीच.

आणि मी काय विचारलं? चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना कारणमीमांसा शिकवली. कार्य म्हणजे काय, कारण म्हणजे काय, यावर फळे भरून लिहिलं. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा: "कोणी केलंय हे काम?"

डॉक्टर म्हणाले, "लॅबमध्ये एक नवीन मुलगी आहे. तिच्याच हातची दोन-तीन कामं अशी आली आहेत. मालकाने तिचे पैसे कापलेत. बहुतेक काढतील तिला."

मी घरी आलो आणि मला झोप लागेना. दाताचं दुःख नव्हतं ते. मला समजलं, की मी 'का' विचारायच्या ऐवजी 'कोण' विचारलं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळालं. 'कोण'चं उत्तर नेहमी लगेच मिळतं. 'का'चं मिळायला वेळ लागतो.

तर आज त्या 'का'च्या मागे जाऊ. पण त्याआधी थोडा इतिहास बघावा लागेल, कारण भट्टीतून निघालेल्या काचेवरचा नको असलेला रंग ही काही पनवेलच्या लॅबमधली नवी भानगड नाही. माणूस काच आणि माती भाजायला लागला तेव्हापासूनची ती आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. लॅबमध्ये एक छोटा ठोकळा येतो, त्याला ब्लॉक म्हणतात. संगणकावर दाताचा आकार तयार करतात आणि मिलिंग मशीन त्या ब्लॉकमधून कॅप कोरून काढतं. संगणकाच्या मदतीने दंतचिकित्सकाच्या खुर्चीशेजारीच असं काम कोरायची पद्धत झुरिकमध्ये व्हर्नर मोरमान आणि मार्को ब्रांदेस्तिनी यांनी आणली आणि १९८५ मध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरली. आज ज्या ब्लॉकबद्दल आपण बोलतोय तो लिथियम डायसिलिकेट नावाच्या पदार्थाचा. गंमत अशी, की तो येतो तेव्हा दातासारखा दिसतच नाही. निळसर-जांभळा असतो. कारण तेव्हा तो अर्धवट अवस्थेत असतो. त्यात लिथियम मेटासिलिकेटचे बारीक स्फटिक असतात, आणि तो मुद्दाम थोडा मऊ ठेवलेला असतो, म्हणजे मशीनच्या हत्याराला कोरता यावा. कोरून झालं, की कॅप भट्टीत जाते. साधारण ८४० ते ८५० अंश सेल्सिअसला तिच्यातले स्फटिक बदलतात, डायसिलिकेटचे लांबट स्फटिक एकमेकांत गुंतून वाढतात. ताकद सुमारे १३० ते १५० मेगापास्कलवरून ३६० च्या पुढे जाते. आकार फक्त ०.२ टक्क्यांच्या आसपास आकसतो. आणि निळा रंग जाऊन दाताचा रंग येतो.

म्हणजे बघा, या वस्तूचा रंग ब्लॉकमध्ये ठरलेला असला तरी तो प्रकट होतो भट्टीत. आणि भट्टीचं दार बंद असतं. आत काय झालं ते कुणी पाहिलेलं नसतं. बाहेर येतो तो फक्त रंग. रंग ही साक्ष आहे, पण मुका साक्षीदार आहे.

आता दोनशे-अडीचशे वर्षं मागे जाऊ. कृत्रिम दात भट्टीत भाजायला सुरुवातच मुळी एका डागामुळे झाली. पॅरिसजवळच्या सें-जर्मेन इथले अलेक्सिस द्युशातो हे औषधविक्रेते होते. त्यांची कवळी हस्तिदंताच्या जातीची, म्हणजे प्राण्याच्या दातापासून कोरलेली होती. औषधांची चव घेऊन घेऊन ती कवळी डागाळली, तिला वास यायला लागला. आणि त्यांच्याच दुकानात चिनी मातीची भांडी होती, त्यांना ना डाग, ना वास. १७७४ च्या सुमारास त्यांनी चिनी मातीच्या कारखान्याची मदत घेऊन कवळी भाजून घेण्याचा प्रयत्न केला. पहिले प्रयत्न फसले, कारण माती भाजल्यावर आकसते आणि कवळी तोंडात बसत नाही. मग दुब्वा द शेमाँ नावाच्या दंतवैद्याने त्यात सुधारणा केल्या, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो इंग्लंडला गेला आणि तिथे त्याने हा धंदा वाढवला.

द्युशातोंनी काय केलं याकडे लक्ष द्या. कवळी डागाळली म्हणून ते कवळी कोरणाऱ्या कारागिराला शिव्या देत बसले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी दोन वस्तू शेजारी ठेवल्या. एकच दुकान, तीच औषधं, तोच माणूस. एका पदार्थाला डाग पडतो, दुसऱ्याला पडत नाही. मग फरक कशात आहे? पदार्थात. ही तुलना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या महाराष्ट्रात काच किती जुनी? नेवाशाला, तेरला, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला उत्खननं झाली, तिथे सातवाहन काळातले काचमणी सापडले. जुन्या भारतीय मण्यांमध्ये एक लाल अपारदर्शक मणी असतो आणि एक निळा-हिरवा. अनेकदा दोन्हींत रंग देणारा धातू एकच, तांबं. मोकळ्या हवेच्या, चांगल्या जळणाऱ्या भट्टीत तांबं निळसर-हिरवा रंग देतं. हवा कमी करून, धूर कोंडून भाजलं, की तेच तांबं लाल होतं. काच तीच, धातू तोच, वेगळी आहे ती भट्टीतली हवा. त्या कारागिराला प्राणवायू हा शब्द ठाऊक नव्हता, पण भट्टीत कोणता वारा वाहतोय हे त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर एकदम स्वदेशीच्या काळात या. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला, ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे काचेचं काम शिकवलं. पुढे १९१६ मध्ये औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ, ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला, आणि त्या जागेचं नावच ओगलेवाडी पडलं. तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांच्या घरात प्रभाकर कंदील असणार. आमच्या घरी होता. त्याची काच राखेने पुसायचं काम माझ्याकडे असायचं.

काच कारखान्यापुढची पहिली अडचण कोणती? रंग. पांढरी, स्वच्छ काच करायची असते, आणि काच हिरवट निघते. कारण वाळूत लोह असतं. अगदी थोडं लोहसुद्धा काचेला हिरवी झाक देतं. यावर जुना उपाय म्हणजे मँगनीज डायऑक्साइड चिमूटभर टाकायचं. काचवाले त्याला काचेचा साबण म्हणतात. मँगनीजची जांभळी छटा लोहाच्या हिरव्या छटेला मारते. आपल्या भंडारा-नागपूर पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत, तेव्हा हा साबण आपल्याला परका नाही. पण साबण जास्त झाला तर काच गुलाबी होते. आणि अशी मँगनीज घातलेली जुनी बाटली वर्षानुवर्षं उन्हात पडून राहिली तर जांभळी होते. म्हणजे आज केलेल्या चुकीचा रंग वीस वर्षांनी दिसू शकतो, जेव्हा ती बाटली करणारा कारागीर कदाचित हयातही नसेल.

"आपल्या माणसाच्या हाताला हे जमत नाही," हा शेरा स्वदेशीच्या काळात काही नवा नव्हता. आता विचार करा. हिरवट काच बघून 'हात कच्चा' असं म्हणणं किती सोपं आहे. आणि वाळू तपासणं, धुणं, लोह मोजणं किती कष्टाचं. ज्यांनी काच कारखाने चालवून दाखवले त्यांनी दुसरी वाट धरली.

आता १९५३ साल. अमेरिकेत कॉर्निंग काच कंपनीत डोनाल्ड स्टूकी नावाचे संशोधक एका वेगळ्या काचेवर काम करत होते. लिथियम सिलिकेटची काच, आणि तिच्यात चांदीचा अगदी थोडा अंश, प्रकाशाने चित्र उमटावं म्हणून. त्यांना पट्टी ६०० अंशांपर्यंत तापवायची होती. भट्टीचं नियंत्रण बिघडलं आणि तापमान ९०० च्या घरात गेलं. काच वितळून भट्टीच्या तळाला चिकटली असणार आणि भट्टी खराब झाली असणार असं समजून त्यांनी दार उघडलं. आत पट्टी जशीच्या तशी, फक्त पांढरी, अपारदर्शक झालेली. चिमट्यातून ती निसटली, जमिनीवर पडली आणि फुटली नाही, धातूसारखी खणखणली. काच-सिरॅमिक नावाच्या पदार्थांचा वर्ग तिथून सुरू झाला. त्यातूनच पुढे १९५८ मध्ये स्वयंपाकाची कॉर्निंगवेअरची भांडी आली. आणि त्या पट्टीत जे स्फटिक तयार झाले होते, ते लिथियम डायसिलिकेटचेच. तेच, जे माझ्या कॅपमध्ये आहेत. दातांसाठी हा पदार्थ १९९८ मध्ये बाजारात आला, आणि तो निळा ब्लॉक २००५-०६ च्या सुमारास.

स्टूकींच्या पट्टीत चांदीचं काम काय होतं? चांदीचे सूक्ष्म कण हे स्फटिकांचं बीज होते. त्यांच्याभोवती स्फटिक वाढले. ही चांदी आता नीट लक्षात ठेवा, कारण आपल्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे, पण वेगळ्या वेषात.

चांदी आणि काच यांचं नातं फार जुनं. युरोपातल्या चर्चच्या खिडक्या आठवा. आपल्याकडे कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये, मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या इमारतीत अशा रंगीत काचा बघायला मिळतात. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपातले कारागीर चांदीचं संयुग काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजायचे. चांदी काचेच्या आत शिरते, काचेतल्या सोडियमची जागा घेते, आत तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते कण प्रकाशातला निळा-जांभळा भाग शोषून घेतात. उरतो तो पिवळा. खिडकीतल्या संतांचे सोनेरी केस आणि तेजोवलय असं चांदीतून आलेलं आहे. तिथे तो पिवळा रंग भक्तीचा.

आता तीच गोष्ट दाताच्या लॅबमध्ये. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलर आणि सोन्याची बांधलेली गाठ सोडली, आणि त्या दशकात सोन्याचे भाव चढत गेले. तोवर चांगल्या कॅपच्या आत सोन्याचा मिश्रधातू आणि वरून पोर्सिलेन अशी पद्धत होती. सोनं परवडेना, तेव्हा लॅबवाले पॅलेडियम आणि चांदीच्या मिश्रधातूकडे वळले. आणि पोर्सिलेन हिरवट-पिवळं व्हायला लागलं. कारण तापलेल्या भट्टीत चांदीची वाफ होते, ती पोर्सिलेनमध्ये शिरते, आणि तिथे खिडकीतल्या काचेत होतं तेच होतं. त्याहून महत्त्वाचं, ती वाफ भट्टीच्या आतल्या भिंतींवर बसते. म्हणजे ज्या कामात चांदीचा कणही नाही, ते काम नंतर त्याच भट्टीत घातलं तरी पिवळं पडू शकतं. भट्टीला आठवण असते म्हणा ना. त्या काळी कार्बनचा ठोकळा आत ठेवून रिकामी भट्टी तापवायची आणि ती आठवण पुसायची, अशी रीत पडली.

आता थोडं माझ्या विषयात येतो, म्हणजे तत्त्वज्ञानात. घाबरू नका, पाच मिनिटं.

कारण कसं ओळखायचं? जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात याच्या पद्धती मांडल्या. आगरकरांच्या पिढीने मिल मनापासून वाचला. पण आपल्या नैयायिकांकडे ही साधनं त्याच्या कितीतरी आधीपासून होती: अन्वय आणि व्यतिरेक. जिथे हे असतं तिथे ते असतं, हा अन्वय. जिथे हे नसतं तिथे तेही नसतं, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तर कारणाची शंका बळकट होते. नुसता अन्वय पुरत नाही.

आणि नैयायिकांनी एक फार सुंदर सावधगिरी सांगितली आहे. घडा तयार होतो. त्याच्या आधी काय काय हजर होतं? माती होती, चाक होतं, चाक फिरवायची काठी होती, कुंभार होता. आणि माती वाहून आणणारं गाढव होतं. गाढव घड्याच्या आधी हजर होतं, मग ते घड्याचं कारण आहे का? नाही. माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झाला असता. अशा गोष्टीला ते अन्यथासिद्ध म्हणतात. ती आधी होती, जवळ होती, कदाचित दर वेळी होती, पण तिच्यावाचून काम अडलं नसतं. विश्वनाथ पंचाननांच्या मुक्तावलीत हे गाढव भेटतं. शेकडो वर्षं न्यायाचे विद्यार्थी या गाढवाला ओळखतात. आणि तरीही आयुष्यात आपण सारखे गाढवालाच धरतो.

इथे एक खुलासा. मी त्या मुलीला गाढव म्हणत नाहीये. गाढव मी होतो, हे मी आधीच कबूल केलं आहे. मी एवढंच म्हणतो, की तिचा हात दर डागाळलेल्या कॅपच्या आधी हजर होता. प्रश्न हा, की तो कारण होता की नुसता हजर होता?

मी डॉक्टरांना विनंती केली आणि लॅबमध्ये गेलो. मालकांना वाटलं, हा म्हातारा भांडायला आला. मी म्हटलं, मला भट्टी बघायची आहे. ती मुलगी गप्प उभी होती. मी तिला म्हटलं, "ताई, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही मला सगळं पहिल्यापासून सांगा." आणि तिने सांगितलं. मंडळी, मी फक्त प्रश्न विचारले. शोध तिने लावला. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या म्हणाल सरांनी डाग काढला.

एकेक संशयित घेतला. पहिला, ब्लॉक. शेड चुकली का? डबा तोच होता, त्याच डब्यातल्या आधीच्या कॅप चांगल्या निघाल्या होत्या. मग ब्लॉक सुटला.

दुसरा, सफाई. मिलिंगनंतर कॅपवर मशीनच्या पाण्याचा, पॉलिशचा, बोटांच्या तेलाचा अंश राहिला तर तो भट्टीत जळतो आणि काम करडं दिसतं. तिने एक कॅप दोनदा वाफेने धुऊन घातली होती. तरी पिवळी.

तिसरा, तापमान. कमी भाजलं तर जांभळट-करडी झाक उरते, जास्त भाजलं तर पारदर्शकता जाते, कडा बोथटतात. इथे कडा धारदार होत्या, जांभळी झाक नव्हती. शिवाय भट्टीचं तापमान तपासून घेतलेलं होतं. ते कसं तपासतात माहीत आहे? चांदीने. शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या सुमाराला वितळते, ती कधी वितळते ते बघून भट्टी खरं बोलते का ते कळतं. तिथेही चांदीच!

चौथा, व्हॅक्यूम. पंप अशक्त असेल तर ग्लेझमध्ये बुडबुडे राहतात आणि काम धुरकट दिसतं. धुरकट नव्हतं, स्वच्छ पिवळं होतं. पाचवा, कॅप ज्या ट्रेवर आणि पिनवर ठेवतात तो. ट्रे बदलून पाहिला. फरक नाही. सहावा, आतल्या दाताच्या खुंटाचा किंवा सिमेंटचा रंग. तो तर तोंडात बसवल्यावर दिसणार, आणि ही कॅप टेबलावरच पिवळी होती.

मग मी विचारलं, "डाग कधी पडतो?" तिने वही काढली. ती कामाची नोंद ठेवत होती, कुणी सांगितलेलं नसताना. बिघडलेली कामं बहुतेक सोमवारची होती. आठवड्याच्या शेवटाकडे जावं तसा रंग सुधारत होता. मग शनिवारी या भट्टीत काय होतं? ती हळूच म्हणाली, "सर, दुसरी भट्टी बंद पडल्यापासून धातूच्या जुन्या ब्रिजची दुरुस्ती पण यातच होते. शनिवारी." तो जुना ब्रिज चांदी-पॅलेडियमचा.

आता अन्वय मिळाला होता, पण मी म्हटलं ना, अन्वय पुरत नाही. मग तिने एकाच ब्लॉकचे दोन तुकडे केले. एक या भट्टीत, दुसरा ओळखीच्या दुसऱ्या लॅबच्या भट्टीत, जिथे धातू जात नाही. हा पिवळा, तो स्वच्छ. हा व्यतिरेक. मग लॅबमधल्या सगळ्यात अनुभवी कारागिराने स्वतःच्या हाताने एक कॅप कोरून या भट्टीत घातली. ती पिवळी. हात बदलला, डाग तसाच राहिला. गाढव बाजूला झालं. मग निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली भट्टी शुद्ध करण्याची रिकामी फायरिंग केली. पुढचा तुकडा फिकट पिवळा. पुन्हा केली. त्यापुढचा स्वच्छ. कारण जसं कमी होत गेलं, तसं कार्यही कमी होत गेलं.

चार दिवस लागले. 'कोण' विचारायला चार सेकंद लागले होते.

आता ती चांदी बघा. खिडकीत ती तेज होती. स्टूकींच्या पट्टीत ती बीज होती. भट्टी तपासताना ती मोजपट्टी होती. माझ्या दातावर ती डाग झाली. चांदी वाईट नाही. ती नको तिथे होती, आणि ती तिथे कशी आली हे कुणी विचारलं नव्हतं. दोन भट्ट्यांऐवजी एका भट्टीवर काम ढकलायचा निर्णय कुणीतरी घेतला होता, आणि त्या निर्णयाचा रंग त्या मुलीच्या हातावर उमटला.

कुणी म्हणेल, मग दोषी मालक. नाही, तसंही नाही. दुसरी भट्टी दुरुस्त करायला पैसे लागतात, काम थांबवता येत नाही, हे मला कळतं. मालकांनी शेवटी धातूचं काम वेगळ्या भट्टीला नेलं, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात सूचना लावली. माणूस वाईट नव्हता. त्यालाही 'कोण' हाच प्रश्न सवयीचा होता.

एक शेवटची गोष्ट. आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये दंतवैद्यांबरोबर डेंटल मेकॅनिकचाही उल्लेख केला गेला, म्हणजे कॅप, कवळी तयार करणाऱ्यांचा. कायद्याने त्यांची नोंद घेतली. पण आपण घेतो का? माझ्या तोंडात आता जो दात आहे तो कुणी केला हे मला ठाऊक आहे, ते दात बिघडला म्हणून. चांगला निघाला असता तर मला तिचं असणंही कळलं नसतं. चांगलं काम करणाऱ्या माणसाची आठवण आपल्याला बिघाड झाल्यावरच येते, आणि ती येते ती दोष द्यायला.

तिला कामावरून काढलं नाही. ती आहे तिथेच. गेल्या महिन्यात भेटलो तेव्हा मी विचारलं, कापलेले पैसे परत मिळाले का? ती म्हणाली, "नाही सर. पण आता कापत नाहीत." मी मालकांशी बोलेन म्हटलं. तिने नको म्हटलं. मी अजून बोललेलो नाही, आणि हे काही मला भूषणावह नाही. डाग काढायची पद्धत सापडली, पण डागाच्या नावावर जे घेतलं ते परत द्यायची पद्धत आपण शोधत नाही. इतिहासात पुष्कळ ठिकाणी हेच दिसतं. चूक उमजते, सुधारते, आणि मधल्या काळात ज्याने सोसलं त्याचा हिशेब तसाच राहतो.

सोमवारी माझी डॉक्टरांकडे तपासणी आहे. तिथून लॅबमध्ये जाईन. हे आता तुमच्यासमोर बोललो, त्यामुळे टाळता येणार नाही.

भरती लागायला लागली आहे, तेव्हा मुंबईकरांनी निघायला हरकत नाही. लाँचवाल्याला उशीर झालाच, तर त्याच्यावर ओरडू नका. आधी खाली पाण्याकडे बघा.